पदक छापता, मग टायमिंग का नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मी बेळगावच्या वडगावचा, आपल्या पेपरचा लई जुना वाचक. तीस वर्षं पॉवरलूम चालवला, आता माग मोडीत काढले आणि सकाळचा पेपर आणि नातीला स्विमिंगला नेणं-आणणं एवढीच ड्युटी उरली. पेपर मी मागच्या बाजूनं वाचतो, म्हणजे खेळाचं पान आधी, मग निधन वार्ता, मग वेळ उरला तर राजकारण. म्हणून हे पत्र खेळाच्या पानाबद्दल, रागानं नाही पण थोडं चिडूनच लिहितोय असं समजा.

मध्यंतरी स्विमिंगची एक बातमी आली होती, "जलतरणपटूंचे घवघवीत यश". घवघवीत हा शब्द तुमच्याकडे टाईप करून तयारच ठेवलेला असतो वाटतं. बातमीत पोरांची नावं होती, कुणाला सुवर्ण, कुणाला कांस्य, उद्घाटन कुणी केलं, नारळ कुणी फोडला, शाल कुणी घातली, आभार कुणी मानले, सगळं होतं, पण कोण किती सेकंदात पोहलं ते एकाचंही नव्हतं. एकाचंही नाही साहेब. आणि वर बॅकस्ट्रोकची विजेती म्हणून जो फोटो छापलात त्यातली पोरगी पालथी पोहतेय, म्हणजे फ्रीस्टाइल. बॅकस्ट्रोक म्हणजे उताणं पवणं हो! आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलो, आम्हाला पण एवढं कळतं.

आता तुम्ही म्हणाल टायमिंग कोण वाचतंय. क्रिकेटच्या बातमीत कुणी किती बॉलमध्ये किती काढले हे छापताच की, उद्या एक दिवस नुसतं "अमका चांगला खेळला" एवढंच छापून बघा, दुपारपर्यंत ऑफिसातला फोन थांबणार नाही. पोहण्यात तर टायमिंग म्हणजेच सगळा स्कोअर, दुसरं काही नसतंच तिथं. मेडल किती जण उतरले त्यावर पण असतं. माझ्याच घरातलं सांगतो, नातीला पहिल्या स्पर्धेत कांस्य मिळालं, आम्ही गल्लीत पेढे वाटले, तुमच्याच पेपरात नाव पण आलं, ते कात्रण फ्रिजवर लावलंय. शर्यतीत पोरी किती होत्या? तीन.

हे माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते सांगतो. २०२३ ला गोव्यात नॅशनल गेम्स झाल्या तेव्हा स्विमिंग पणजीला कांपालच्या तलावावर होतं. नातीनं हट्ट धरला, मग काय, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गाडी काढली, घाटात तिला दोनदा उलटी, पण तलावावर पोचल्यावर अशी टुणटुणीत की काय विचारू नका. तिला बघायचा होता श्रीहरी नटराज. बेंगळूरचा पोरगा, २००१ चा जन्म, भारतात बॅकस्ट्रोकमध्ये त्याच्या जवळपास कुणी नाही. सकाळची हीट होती, तो पाण्यात उतरला, भिंतीला पाय लावले, दांडी धरून अंगाची घडी केली, कारण बाकीचे सगळे ब्लॉकवरून सूर मारतात पण बॅकस्ट्रोकवाला पाण्यातूनच निघतो, आणि टुं वाजल्यावर तो असा मागं गेला, ताणलेली गोफण सोडावी तसा, पाण्याखाली गेला तो गेलाच, मला वाटलं बुडाला की काय, वर आला तेव्हा बाकीच्यांच्या पुढं. पाण्याखाली १५ मीटरपर्यंतच राहता येतं, त्याच्या आत डोकं वर यायलाच पाहिजे, हे नातीनं मला तिथंच शिकवलं.

आणि नात ओरडतेय "कर्नाटका, कर्नाटका!" शेजारच्या लेनमध्ये महाराष्ट्राचा पोरगा. दिवस कुठले, तर १ नोव्हेंबरच्या आगेमागचे, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. आता ज्या माणसानं काळ्या दिनाच्या सायकल फेरीत टायर झिजवलेत त्यानं टाळी कुणासाठी वाजवायची? मी आधी हात मांडीवर ठेवून बसलो, मग वाजवली. उताणं पडल्यावर सगळे सारखेच दिसतात. सीमाप्रश्न आपल्या जागी आहे, तो कुठं जात नाही.

तर बोर्डावरचं टायमिंग नातीनं वाचून सांगितलं, मी चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या खिशात टाकलं आणि सूनबाईनं तो शर्ट चिठ्ठीसकट मशीनमध्ये घातला. म्हटलं काय बिघडलं, पेपरात येईलच. दुसऱ्या दिवशी स्टँडवरून मिळतील तेवढे मराठी पेपर आणले, सगळीकडे पदकतक्ता, महाराष्ट्र पहिला, लई आनंद झाला, पण टायमिंग एकात नाही. त्या गेम्समध्ये श्रीहरी सगळ्यात चांगला पुरुष खेळाडू ठरला, ती बातमी पण आपल्याकडे चार ओळीत उरकली. तेव्हापासून मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याची टायमिंग लिहून ठेवतो, जुनी नातीनं मोबाईलवर शोधून दिली. मागावर तारा मोजण्यात जन्म गेला, आकडा दिसला की लिहून ठेवायची सवय आहे.

त्या आकड्यांकडे बघितलं की त्याचं करिअर दिसतं, मेडलकडे बघून नाही दिसत. २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये १७ वर्षांचा असताना फायनलला गेला. २०१९ ला बुडापेस्टला ज्युनियर वर्ल्ड, १०० मीटर बॅकस्ट्रोक ५४.६९. मग कोरोना, तलाव बंद, आपल्याकडचे पण बंद होते, नातीनं त्या वर्षी गच्चीवर सतरंजी टाकून हात मारलेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये ताश्कंदला ५४.०७. म्हणजे दोन वर्षात पाऊण सेकंद पण कमी झाला नाही, आणि तेवढ्यासाठी रोज पहाटे उठून पाण्यात. टोकियो ऑलिम्पिकला थेट जायचं तर ए टाईम पाहिजे होता ५३.८५. तोपर्यंत भारताच्या एकाही स्विमरनं ए टाईम कधी केलेला नव्हता, जे गेले ते कोट्यातून किंवा त्याहून सोप्या बी टाईमवर.

जून २०२१, रोम. मुदत संपायला आलेली. स्पर्धेच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी केरळच्या साजन प्रकाशनं तिथंच २०० मीटर बटरफ्लायमध्ये ए टाईम केला, १:५६.३८, पाहिजे होता १:५६.४८, तो पहिला भारतीय. श्रीहरीनं स्पर्धेत १०० मीटर काढलं ५३.९०. पाच शतांशानं हुकलं! मग शेवटच्या दिवशी टाइम ट्रायल. टाइम ट्रायल म्हणजे काय, तर शर्यत नाही, पोडियम नाही, नुसता तुम्ही आणि घड्याळ. ५३.७७. झालं. पुढं फिनानं, म्हणजे पोहण्याच्या जागतिक संघटनेनं, ते टायमिंग मान्य पण केलं आणि पोरगा टोकियोला गेला.

आता साहेब मला सांगा, तुमच्या पद्धतीनं छापायचं तर त्या दिवसाची बातमी काय? बातमीच नाही. मेडल नव्हतंच तिथं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात भारी पोहणं आणि गळ्यात घालायला काही नाही, फोटोला शाल नाही. नुसता एक आकडा, आणि तोच तुम्ही छापत नाही.

५३.८५ आणि ५३.७७, फरक आठ शतांशाचा. आठ शतांश म्हणजे किती ते मला आधी कळेना, म्हणून मी कागदावर मांडून बघितलं. ५३.७७ सेकंदात १०० मीटर म्हणजे सेकंदाला १ मीटर ८६ सेंटिमीटर, त्याचे आठ शतांश म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर. नातीच्या कंपासपेटीतली पट्टी असते ना, ती. शंभर मीटर उताणं पोहून त्या पट्टीएवढ्या अंतरानं ऑलिम्पिक. आदल्या वेळी हुकलं ते साडेनऊ सेंटिमीटरच्या आत. आमच्या धंद्यात पण असंच, एक तार तुटली तर साडीत रेघ पडते, गिऱ्हाईकाला पन्ना बरोबर असल्याचं कौतुक नसतं.

टोकियोला ५४.३१ आलं, सत्ताविसावा. पेपरात "श्रीहरीचे आव्हान संपुष्टात", हा पण तयार टाईप. पुढच्या वर्षी २०२२ ला बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थमध्ये फायनल, टायमिंग किती माहिताय? ५४.३१! तेच, शतांशाला शतांश, आणि नंबर सातवा. म्हणजे त्याच पोहण्याला एकीकडे सत्ताविसावा आणि दुसरीकडे सातवा. आणि बर्मिंगहॅमचं सुवर्ण गेलं दक्षिण आफ्रिकेच्या पीटर कुट्झे नावाच्या पोराला, ५३.७८ मध्ये. आता वर रोमचा आकडा बघा. ५३.७७. हे मी कॅलेंडरवर लिहिलं त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. अर्थात आपला पोरगा त्या दिवशी ते पोहला नाही, हे पण खरं, रोमचं रोममध्ये. आणि तो कुट्झे तिथं थांबला नाही, २०२५ ला सिंगापूरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ५१.८५ काढून सोनं नेलं, तीन वर्षात जवळपास दोन सेकंद. वर्ल्ड रेकॉर्ड इटलीच्या थॉमस चेकोनचं ५१.६०. म्हणजे श्रीहरी आपल्या बेस्टनं पोहला तरी चेकोन त्याच्या चारेक मीटर पुढं. हे पण वाचकाला कळायला पाहिजे, उगीच "सुवर्णाची आशा" म्हणून आठ दिवस आधी फुगवायचं आणि मग फुगा फुटला की पोराला दोष, असं कशाला. पॅरिसला ए टाईम आणखी खाली आणला, ५३.७४. त्याच्या रोमच्या पोहण्यापेक्षा तीन शतांश कमी, साडेपाच सेंटिमीटर. मग युनिव्हर्सलिटी कोट्यातून, म्हणजे ज्या देशाचं कुणी थेट पात्र ठरत नाही त्यांच्यासाठीच्या जागेवरून गेला, ५५.०१ आलं, तेहतिसावा. वाईट वाटलं. पण २०२५ ला अहमदाबादला एशियन चॅम्पियनशिपमध्ये ५० मीटर बॅकस्ट्रोकचं रौप्य काढलंच की, म्हणजे गडी अजून पाण्यात आहे.

मराठी माणसाचंच उदाहरण पाहिजे तर कोल्हापूरचा वीरधवल खाडे आहे, आपल्यापासून दोन-अडीच तासाच्या अंतरावरचा. त्याचं कौतुक आपण भरपूर केलं, २००८ ला सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिक, २०१० ला एशियाडचं कांस्य, स्विमिंगमध्ये भारताला २४ वर्षांनी मिळालेलं. पुढं तहसीलदार झाला. पण जकार्ताला २०१८ ला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये तो चौथा आला, २२.४७, आणि कांस्यवाला जपानी २२.४६. एका शतांशानं गेलं. त्याच दिवशी सकाळच्या हीटमध्ये खाडेनं २२.४३ काढलेलं होतं, नॅशनल रेकॉर्ड. "वीरधवल चौथा" एवढं छापलं तर ह्यातलं काय कळणार?

बॅकस्ट्रोकची मोठी बाई म्हणजे झिंबाब्वेची कर्स्टी कॉव्हेंट्री, २००४ आणि २००८ दोन्ही ऑलिम्पिकला २०० मीटरचं सोनं, आता २०२५ पासून तीच अख्ख्या ऑलिम्पिक कमिटीची अध्यक्ष आहे. बीजिंगला १०० मीटरच्या सेमीफायनलला तिनं ५८.७७ चं वर्ल्ड रेकॉर्ड केलं आणि फायनलला अमेरिकेची नताली कॉफलिन ५८.९६ ला जिंकली. सोनं एकीकडे, रेकॉर्ड दुसरीकडे. असो, मी जास्तच लांबलो, पण आता सुरुवात केलीय तर पताक्यांचं पण सांगूनच टाकतो.

बॅकस्ट्रोकवाल्याला भिंत दिसत नाही. बाकी सगळ्यांना दिसते, ह्यालाच नाही. म्हणून तलावाच्या दोन्ही टोकाला भिंतीपासून ५ मीटरवर आडवी दोरी आणि तिला पताका लावतात, पाण्यापासून १.८ मीटर उंच, पताका डोळ्यावरून गेली की हात मोजायचे आणि वळायचं. इनडोअर तलाव असला तर छताच्या रेघा धरून सरळ तरी जाता येतं, आपल्याकडे वर आभाळ. ढग सरकतोय का आपण सरकतोय कळत नाही, नात म्हणते एकदा घारीकडे बघत गेले आणि लेन सोडून दोरात हात अडकला. आणि आपल्या बेळगावचा पाऊस, तोंडावर.

आमची नात जिथं जाते त्या तलावावर पताका होत्या, वळवाच्या वाऱ्यात तुटल्या, त्या परत कुणी बांधल्याच नाहीत. आज बांधतो, उद्या बांधतो, टेंडर आहे, असं करत दीड महिना. आणि एका सकाळी पोरीनं भिंतीवर डोकं आपटलं. आवाज मला वर बाकड्यावर ऐकू आला. तिचे कोच कन्नड, त्यामुळं ती हात कन्नडमध्ये मोजते, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, पताक्यापासून सहा हात, आणि त्या दिवशी पताकाच नव्हती तर मोजायला सुरुवात कुठून करणार. बाहेर काढली, टाळूवर लिंबाएवढं टेंगूळ, आणि "आई गं, आज्जा" म्हणून माझ्या गळ्यात. मोजते कन्नडात आणि रडते मराठीत.

दुसऱ्या दिवशी मी घरातून दोरी नेली, साडीच्या काठाच्या चिंध्या पडून होत्या त्याच्या पताका कापल्या, टेप लावून बरोबर पाच मीटर मोजून बांधली. तिथला माणूस आला, "अज्जा, परमिशन घेतली काय?" मी म्हटलं पोरीनं डोकं आपटायला कुणाची परमिशन घेतली होती? तो गप्प बसला. चांगला आहे बिचारा, पगार पण वेळेवर मिळत नसेल त्याला.

तर संपादक साहेब, मागणी एवढीच आहे. पुढच्या वेळी पोहण्याच्या स्पर्धेची बातमी आली की नावापुढं टायमिंग छापा. हँड टायमिंग असलं तर तसं लिहा, स्टॉपवॉचवर घेतलेलं असलं तरी नसल्यापेक्षा बरं. जागा नसली तर नारळ फोडणाऱ्यांची नावं थोडी कमी करा, ते काय पोहलेले नसतात. खानापूरच्या पोरीला कळू दे की निपाणीच्या पोरीपेक्षा ती किती मागं आहे आणि बेंगळूरच्या पोरीपेक्षा किती, आईबापाला पण कळू दे, नाहीतर तिघींच्या शर्यतीतलं कांस्य फ्रिजवर लावून आम्ही खूश. आणि श्रीहरी पोहला तर तो कर्नाटकाचा म्हणून आत कोपऱ्यात ढकलू नका, पोहतो चांगला, छापा की जरा.

आयोजक रिझल्टशीट देत नाहीत अशी अडचण असली तर सांगा, मी तिथंच असतो, शेवटच्या शर्यतीपर्यंत बाकड्यावर. शीटचा फोटो काढून तुमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅपवर टाकत जाईन, बॅकस्ट्रोकचा बरोबर फोटो पण पाठवीन, उताणा. नातीचं सध्याचं ५० मीटर बॅकस्ट्रोक ४१.६ आहे, हँड टायमिंग, ते छापा म्हणत नाही, मागच्या महिन्यात ४२.९ होतं म्हणून सांगितलं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक आजोबा, वडगाव, बेळगाव

ता. क. : ऑफिसच्या पताका अजून आलेल्या नाहीत, माझीच दोरी चालू आहे. त्यावर आता कुणीतरी रोज लाल पंचा वाळत घालतंय. मी काढायला गेलो तर नात म्हणाली आज्जा राहू दे, पताक्यापेक्षा तोच लवकर दिसतो.